साष्टी नावाचे बेट : भग्नावशेष, ओहोटी आणि आपले विस्मरण

गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयातील बरीच मंडळी कॅरिबियन समुद्रातील जलपर्यटनाला जाऊन आली. परतल्यावर चहाच्या निमित्ताने छायाचित्रांची बैठक होते. प्वेर्तो रिकोच्या सान हुआन बंदरावरचा स्पॅनिश किल्ला, उसाच्या जुन्या घाण्यांचे पडके मनोरे, आणि मग काचेसारख्या पाण्याखालची प्रवाळे, त्यांतून जाणारे निळे-पिवळे मासे. या बैठका आम्ही मनापासून ऐकल्या आहेत. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अशाच एका बैठकीत, अंधेरीतल्या एका चौथ्या मजल्यावर बसलेलो असताना, एक साधी गोष्ट ध्यानात आली. ज्या खोलीत बसून आम्ही दूरच्या बेटांवरचे भग्नावशेष पाहत होतो, ती खोली स्वतःच एका बेटावर होती. त्या बेटावर पोर्तुगीजांचा पडका किल्ला आहे, छप्पर नसलेले चर्च आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, आणि रिक्षाने थोडक्या वेळात गाठता येईल अशा किनाऱ्यावर ओहोटीला उघडा पडणारा सजीवांचा एक मोठा संसार आहे. हे त्या खोलीत कुणी बोलले नाही. आम्हीही नाही.

बेटावर राहणाऱ्या माणसांना आपण बेटावर राहतो याचा विसर कसा पडतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला. हा लेख म्हणजे त्याचा माग काढण्याचा प्रयत्न होय.

या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचा मुलूख म्हणून साष्टी, अशी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. (गोव्यातील साष्टी तालुक्याच्या नावाचाही उलगडा असाच करतात, दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांनी त्या नावाला आपापले वळण दिले.) उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशा चतुःसीमेतील या भूमीवर वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि मुलुंड-ठाण्यापर्यंतची उपनगरे वसलेली आहेत. मुंबईची सात बेटे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्या सातांहून कितीतरी मोठे असलेले हे आठवे बेट मात्र त्या पाठांतरात नाही. पोस्टाच्या पत्त्यात ते नाही, लोकल गाडीच्या उद्घोषणेत नाही, आणि आमच्या साहित्यातही, ललित लेखनातल्या उपनगरांचे इतके वर्णन होऊनही, ते बेट म्हणून क्वचितच येते.

या बेटाकडे जहाजावरून पाहिलेल्या एका माणसापासून सुरुवात करणे सोयीचे होईल. त्याचे नाव दों जुआंव द कास्त्रु. पुढे १५४५ साली तो गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा मुख्य झाला. परंतु १५३८ साली तो हिंदुस्थानात प्रथम आला तेव्हा तो सैनिक आणि नौकानयनशास्त्राचा अभ्यासक होता. त्या वर्षाच्या अखेरीस दीवच्या मदतीसाठी गोव्याहून आरमार निघाले. त्याबरोबर कास्त्रुने किनाऱ्याने प्रवास केला आणि १५३९ च्या वसंतापर्यंतच्या या फेरीची तपशीलवार नोंद ठेवली. वसई आणि तिच्या ताब्यातील साष्टी गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांना १५३४ च्या डिसेंबरात मिळाली होती. म्हणजे कास्त्रुने हा किनारा पाहिला तेव्हा पोर्तुगीज अंमल जेमतेम चार वर्षांचा होता. आज ज्यांना आपण पोर्तुगीजांचे भग्नावशेष म्हणतो त्यांपैकी बहुतेक तेव्हा बांधलेही गेले नव्हते. (कॅरिबियन जलपर्यटकांना दाखवला जाणारा सान हुआनचा तो किल्ला बांधण्यास आरंभ झाला तोही १५३९ सालीच.)

कास्त्रुने पाहिलेले भग्नावशेष याहून जुने होते. घारापुरीचे लेणे त्याने पाहिले, साष्टीच्या पोटातली कान्हेरीची लेणी पाहिली, आणि नुसते आश्चर्य व्यक्त करून न थांबता त्यांची मोजमापे नोंदवली. ज्या नोंदीत लेण्यांची मापे आहेत, त्याच नोंदीत बंदरांच्या मुखाशी पाणी किती वाव खोल आहे, कातळ कोठे आहेत, भरती कधी येते, होकायंत्राची सुई उत्तरेपासून किती ढळते, हेही आहे. वसईजवळ सुई नेहमीपेक्षा निराळी वागते असे त्याला आढळले आणि आसपासच्या खडकांचा हा परिणाम असावा असा तर्क त्याने केला. आपल्या बसाल्टच्या कातळातील लोहांशाचा विचार करता तो तर्क वावगा नव्हता.

कास्त्रु आक्रमक सत्तेचा नोकर होता, हे विसरण्याचे कारण नाही. खोली मोजायची ती तोफा वाहणारी जहाजे आत आणण्यासाठी. तरीही त्याच्या वहीचे एक वैशिष्ट्य आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्या वहीत लेणे आणि भरती ही दोन निरनिराळ्या शास्त्रांची मालमत्ता नाही. एकच माणूस सकाळी पाण्याची खोली मोजतो आणि दुपारी खांबांची जाडी. दगड आणि पाणी एकाच दृष्टीच्या टप्प्यात आहेत.

आता त्याच मुलखाकडे जमिनीवरून पाहणारा आपला ग्रंथ घेऊ. 'महिकावतीची बखर' राजवाड्यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. तिच्यातील केशवाचार्यांचा भाग १४४८ च्या सुमाराचा, म्हणजे कास्त्रुच्या नव्वद वर्षे आधीचा, आणि त्याच्या मुळाशी मालाडच्या देसल्याचा पुढाकार. मालाड म्हणजे आमच्या पलीकडचे तिसरे-चौथे स्थानक! 'महाराष्ट्रधर्म' या शब्दाच्या इतिहासासाठी आपले अभ्यासक या बखरीकडे वारंवार जातात. तिच्यात राजवंश आहेत, कुळे आहेत, वतने आहेत, गावांची नावे आहेत. साष्टीच्या माणसांनी स्वतःविषयी मराठीत सांगितलेला इतका जुना दस्तऐवज दुसरा कोणता? पण तिची नजर जमिनीवर खिळलेली आहे. गाव कुणाचे, मान कुणाचा, हे तिचे प्रश्न. पाणी येते ते कुणीतरी ओलांडण्यासाठी. हा बखरीचा दोष नव्हे. बखर ज्यांच्यासाठी सांगितली गेली त्यांची भांडणे जमिनीची होती. ज्यांचे वतन पाण्यावर होते त्यांनी बखर सांगितली नाही, किंवा सांगितली असल्यास ती कुणी लिहून घेतली नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

अंधेरीपुरते बोलायचे तर तीन भग्नावशेष आमच्या अगदी दारात आहेत. पूर्वेस कोंडिविट्याची म्हणजे महाकालीची लेणी. एकोणीस लेण्यांचा हा बौद्ध समूह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत घडत गेला. त्यातल्या चैत्यात स्तूपाभोवती जाळीच्या खिडक्या असलेली, गोल झोपडीसारखी दगडी भिंत आहे. बिहारमधील बराबरच्या गुंफांची आठवण करून देणारी ही रचना पश्चिम भारतात दुर्मीळ आहे. दुसरे, जोगेश्वरीचे सहाव्या शतकातील शैव लेणे. तिसरे मात्र पुष्कळ अंधेरीकरांनीही पाहिलेले नसते. सीप्झच्या औद्योगिक आवारात जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च छपराविना उभे आहे. १८४० साली साथ आली, गाव हलले, आणि चर्चही मरोळला हलले. भिंती मागे राहिल्या. १९७३ साली तेथे निर्यातक्षेत्र आले आणि त्या भिंती फाटकाच्या आत गेल्या.

लेण्यांचा समुद्राशी काय संबंध, असे कुणी विचारील. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावे येतात: सोपारा, कल्याण, चौल. ही सारी बंदरे. भिक्षूंसाठी डोंगर कोरण्यास लागणारा पैसा खाड्यांतून आला होता. व्यापाराची बंदरे गाळाने भरली, मार्ग बदलले, आणि डोंगरातली लेणी तेवढी उरली. म्हणजे आज झाडीत दिसणारी ही लेणीदेखील, एका अर्थी, समुद्राने मागे ठेवलेली आहेत.

मग साष्टीचे बेटपण संपले केव्हा? एका तारखेत याचे उत्तर सापडत नाही, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील पाच वर्षे या दृष्टीने विलक्षण आहेत. १८४० साली ते चर्च ओस पडले. १८४३ साली कास्त्रुची वही, तीनशे वर्षे हस्तलिखितात राहून, पोर्तुगालात पोर्तो येथे प्रथम छापली गेली. आणि १८४५ साली माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध खुला झाला. भग्नावशेष तयार झाला, समुद्रावरून केलेले वर्णन ग्रंथ झाले, आणि समुद्र ओलांडण्याची गरज संपली, हे सारे पाच वर्षांत. या घटनांत कार्यकारणभाव नाही. त्यांची शेजारओळ तेवढी अर्थपूर्ण वाटते. शीवचा बांध त्याआधीच, शतकाच्या आरंभी झाला होता. पुढे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी आली, मागाहून खाड्यांवर पूल झाले. १९५० साली अंधेरी बृहन्मुंबईत सामील झाली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. गाडी खाडी ओलांडते तेव्हा आवाज क्षणभर बदलतो, एवढीच बेटाची खूण आता प्रवाशाच्या कानावर येते.

येथे कॅरिबियनकडे वळायचे कारण नुसते छायाचित्रांचे नाही. मरोळ, वेसावे, वांद्रे येथील मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी १८८७ साली स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायला आरंभ केला. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीचा सुवर्णमहोत्सव होता. गोव्याहून आणि मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपले वेगळेपण दाखवायचे होते. कंपनीशी असलेले जुने नाते नावात आणायचे होते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस, त्रिनिदादमध्ये, मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या हिंदुस्थानी लोकांच्या वंशजांनाही 'ईस्ट इंडियन'च म्हणतात. दोन बेटांवर, दोन निराळ्या कारणांनी, एकच नाव. दोन्हीकडे ते नाव दुसऱ्याच्या नकाशावरून घेतलेले.

सेंट लुशियाचा कवी डेरेक वॉल्कॉट याने १९९२ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणाची सुरुवात त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेने होते. आपण तेथे हरवलेपण शोधायला गेलो आणि तेथे उत्सव चाललेला होता, अशी काहीशी कबुली त्या भाषणात आहे. त्याच वॉल्कॉटने त्याआधी एका प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकातच समुद्राला इतिहास म्हटले होते. ज्यांना स्मारके बांधू दिली गेली नाहीत, ज्यांची माणसे जहाजांतून पाण्यात गेली, त्यांचा दप्तरखाना समुद्राच्या तळाशी आहे, हा त्यामागचा विचार. साष्टीला तो जसाच्या तसा लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्याकडे स्मारकांचा तुटवडा नाही. परंतु बखरीविषयी वर उपस्थित केलेला प्रश्न त्या विचाराच्या उजेडात स्पष्ट होतो. ज्यांचे वतन पाण्यावर होते त्यांचे दप्तर कोठे शोधायचे?

ते शोधायला वेसाव्याच्या धक्क्यावर जावे लागते. 'वर्सोवा' हे कागदावरचे नाव. कोळीवाड्यात आजही वेसावेच. खाडीपलीकडे मढ. फेरीबोटीने काही मिनिटांचा प्रवास. मढच्या टोकाशी जो किल्ला आहे त्यालाही वेसाव्याचाच किल्ला म्हणत. पोर्तुगीजांनी तो सतराव्या शतकात बांधला. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या फेब्रुवारीत, तो मराठ्यांनी घेतला. मे महिन्यात वसई पडली. १७७४ च्या अखेरीस ठाण्याबरोबर साष्टी इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. इतिहासाच्या पुस्तकात हा किल्ला एवढाच आहे: घेतला, घेतला, राहिला. आज आवार हवाई दलाच्या ताब्यात असल्याने सहजासहजी आत जाता येत नाही; पुष्कळांनी तो चित्रपटांतच पाहिलेला असतो.

आम्ही काही जण एका अमावास्येच्या पहाटे किनाऱ्यावर गेलो, ते किल्ल्यासाठी नव्हे तर ओहोटीसाठी. मुंबईस मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरांच्या आसपास जाते. एरवी पाण्याखाली असलेले कातळ तासाभरासाठी उघडे पडतात. त्या कातळांवर कालवांचे थर होते, पाय कापील अशी त्यांची धार. खळग्यांतल्या पाण्यात स्पर्श होताच मिटणारी समुद्रफुले, मेलेल्या गोगलगाईचे शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे, तपकिरी-हिरव्या बटणांच्या चादरीसारखे पसरलेले झोअँथिड, आणि खाडीच्या बाजूला चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. बार्नॅकलचे पिल्लू काही काळ पाण्यात तरंगते, मग कठीण जागा शोधून डोक्याच्या बाजूने स्वतःला तेथे चिकटवते आणि जन्मभर हलत नाही. ती जागा कातळ आहे की किल्ल्याच्या पायाचा चिरा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कोकण किनाऱ्यावर चुना पुष्कळदा शिंपले भाजून केला जाई. म्हणजे किल्ल्याची भिंत समुद्रातल्या जीवांच्या कवचांनी सांधली गेली आणि पायथ्याशी पुन्हा तशीच कवचे तिच्यावर वाढत राहिली. आपण ज्याला पडझड म्हणतो ती त्यांची वसाहत असते.

लहानशा लोखंडी हत्याराने कालवे काढणाऱ्या एका मावशींना आम्ही विचारले, पाणी परत कधी येईल? घड्याळ न पाहता त्या म्हणाल्या, "आज आवस ना? दुपारी बाराला भरेल." मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीला पाऊणने गुणायचे, आलेला आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची सुमाराची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराला. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्याचे हे सूत्र. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचा तो भांग. भांगात पाण्याला ओढ नसते. डोल जाळे खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी धरलेले असते. ओढ नसेल तर ते फुगत नाही आणि बोंबील आत येत नाहीत. समुद्रावर केव्हा जायचे, केव्हा घरी राहून जाळी सांधायची, हे सारे पंचांगातून निघते. कास्त्रुच्या काळचे खलाशीही भरतीची वेळ चंद्रावरूनच मांडत. त्याची वही छापली गेली. मावशींचा हिशेब तोंडीच राहिला.

आमच्या म्हणण्याचा गाभा हा आहे. कास्त्रुच्या वहीत एकत्र असलेले दगड आणि पाणी पुढे वेगळे झाले. लेणी आणि किल्ले इतिहासकारांकडे गेले, भरती बंदर खात्याकडे, शंखशिंपले प्राणिशास्त्राकडे. आणि या सर्वांना जोडणारी जी भाषा कोळीवाड्यात होती तिला आम्ही, साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी, 'बोली' असे नाव देऊन एका प्रश्नपत्रिकेतल्या टिपेत बसवले. उधाण, भांग, सुकती, निवटी, खुबे, कालवे, चिंबोरी, शेवंड: ही नावे म्हणजे एखाद्या बोलीचे नमुने नसून बेटावर जगण्याचे शास्त्र आहे. नावे गेली की बेट जाते, कारण बेट असल्याचे भान त्या नावांतच होते.

यात काय पणाला लागले आहे, हे गेल्या दशकाने दाखवून दिले. वेसाव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा उचलला. २०१८ च्या मार्चमध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली, सुमारे वीस वर्षांनंतर. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या अभ्यासकांनी लोकांना ओहोटीच्या वेळी जुहू, हाजीअली येथे नेऊन तेथील जीवांची नोंद सुरू केली. त्याच हाजीअली-वरळीच्या कातळांवरून २०२० साली किनारी रस्त्यासाठी प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. मुंबईत प्रवाळे आहेत हे अनेकांना ती हलवली गेल्याच्या बातमीवरूनच कळले! आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू होत आहे, वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याची आखणी झाली आहे, मढसाठी पूल ठरला आहे. पलीकडच्या माणसांना दवाखान्यात लवकर पोचता यावे, हे आम्हांलाही मान्य आहे. फेरीबोटीचे सौंदर्य दुसऱ्याच्या गैरसोयीवर उभे करण्याची आमची इच्छा नाही. प्रश्न एवढाच की खांब कोठे रोवायचा हे ठरवणाऱ्यांसमोर कोणती वही असते.

महाकाली, जोगेश्वरी, कान्हेरी ही संरक्षित स्मारके आहेत. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. ही दोन्ही संरक्षणे मिळाली ती कुणीतरी त्यांची नावे लिहून काढली म्हणून. ज्या कातळावर मावशी कालवे काढत होत्या त्या कातळालाही कोळीवाड्यात नाव आहे. ते आम्हांला कोणत्याही नकाशावर आढळले नाही. विद्यापीठाच्या मराठी विभागांतून दरवर्षी कितीतरी प्रकल्प लिहिले जातात. त्यांतला एखादा वेसाव्यापासून मनोरीपर्यंतच्या खडकांच्या, खाचांच्या आणि वाऱ्यांच्या नावांचा असला तर त्याला समीक्षेची परिभाषा फारशी लागणार नाही. पंचांग मात्र लागेल.

त्या दिवशी मावशींनी सांगितल्याप्रमाणे पाणी नऊच्या सुमारास अर्ध्या कातळावर आले. समुद्रफुले पाण्याखाली गेली. त्या टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या, आणि आम्ही अंधेरीला परतणारी रिक्षा शोधू लागलो.